'माइल्स मोरालेस' कादंबरी: वर्णद्वेषाला खलनायकाचा मुखवटा चढवावा का? (शेवट फोडला आहे, सांभाळून वाचा)

पाणपोई

चिरंजीवांनी (वय १३, सध्याचा मुख्य उद्योग: कुठल्याही प्रश्नाला खांदे उडवणं) शाळेच्या लायब्ररीतून जेसन रेनॉल्ड्सची 'माइल्स मोरालेस: स्पायडर-मॅन' आणली. कॉमिक नव्हे, २०१७ साली आलेली अख्खी कादंबरी. त्याची वाचून झाल्यावर मी सहज चाळायला घेतली आणि अडकलो.

ज्यांना हा माइल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रुकलिनमधला सोळाएक वर्षांचा मुलगा. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची. पीटर पार्कर नव्हे, हा दुसरा स्पायडरमॅन. एका नावाजलेल्या निवासी शाळेत स्कॉलरशिपवर शिकतो. वडील आणि काका दोघंही तरुणपणी चोऱ्यामाऱ्या करणारे. वडील वेळीच बाहेर पडले, काका नाही पडला, आणि तो काका माइल्सशीच झालेल्या झटापटीत मेला. काकाचा मुलगा तुरुंगात आहे. म्हणजे पोरगा रात्री छपरांवरून उड्या मारत असला तरी डोक्यात एकच भुंगा: माझ्यातही तेच रक्त आहे का?

मग शाळेच्या छोट्या दुकानात तो पार्टटाइम कामाला असताना त्याची ती 'स्पायडर-सेन्स' (धोक्याची आधीच लागणारी चाहूल) वाजायला लागते, तो जागा सोडून जातो, तेवढ्यात सॉसेजचे डबे चोरीला जातात आणि आळ त्याच्यावर येतो. निलंबन. स्कॉलरशिप जायची वेळ. वर इतिहासाचे शिक्षक चेंबरलेन. हे महाशय वर्गात गुलामगिरीचे 'फायदे' समजावून सांगतात, आणि तिथून गाडी आजच्या तुरुंगांवर आणतात. त्यांच्या तासाला माइल्सची स्पायडर-सेन्स रोज वाजते. हे सगळं मला प्रचंड आवडलं. इतकी साधी चोरी, आणि त्यात इतकी धाकधूक.

पण शेवटाकडे कळतं की हे चेंबरलेन एकटे नाहीत, त्यांच्यासारख्यांचं एक जाळं आहे आणि त्यामागे 'वॉर्डन' नावाचा म्हातारा खलनायक आहे. मग मारामारी वगैरे. इथे माझा पोपट झाला. शाळेतला वर्णद्वेष हा कोणा म्हाताऱ्याचा कट निघाला की लेखकाचं काम सोपं होतं, वाचकाचंही. कट उधळला की संपलं!

तर प्रश्न दोन. एक, असा विषय सुपरहिरोच्या साच्यात बसवताना ही तडजोड अटळ आहे का? दोन, तेरा वर्षांच्या मुलाला हे सगळं झेपतं का? बायकोचं मत 'अजून दोन वर्षं थांबायला हवं होतं' असं आहे.

बेडूकराव

पाटी लावलीत ते बरं केलंत, पण आमच्यासारखे लोक पाटी वाचूनच आत शिरतात. आता पुस्तक वाचायचे कष्ट वाचले. आभारी आहे.

रानजाई

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते मला सोपं वाटतं. झेपतं. न झेपायला काय झालं?

तामिर राइस बारा वर्षांचा होता. नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलंड, बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी येऊन थांबल्यावर काही सेकंदांत त्याला गोळी लागली. ज्या देशात बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे घडू शकतं, तिथे तेराव्या वर्षी त्याबद्दल वाचणं लवकर कसं? कृष्णवर्णीय घरांत तर पोलिसाने थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज किती ठेवायचा, हे मुलांना याच वयात, कधी त्याही आधी सांगून ठेवतात. ती मुलं दोन वर्षं थांबू शकत नाहीत.

तुमच्या सौ.ना दुखवायचा हेतू नाही हं. आमच्याकडेही हा वाद झालेला आहे, बाजू उलट होत्या इतकंच.

उचापती

मी शिव्या खाणार हे माहीत असूनही लिहितो. सुपरहिरोच्या गोष्टीत हे राजकारण घुसवायची काय गरज? पोरं चार घटका मजा करायला वाचतात. समाजशास्त्र शिकवायचं तर सरळ समाजशास्त्राचं पुस्तक द्या. आमच्या लहानपणी सुपरमॅन यायचा, विमान झेलायचा, जायचा. कोण कुठल्या रंगाचा असले प्रश्न नव्हते.

बेडूकराव

@उचापती, सुपरमॅन निळ्या-लाल रंगाचा होता. एवढं तरी आठवत असेलच.

जुना वाचक

उचापती, राजकारण 'घुसवलं' म्हणायला ते आधी बाहेर असावं लागतं.

सुपरमॅन १९३८ साली ज्या दोन पोरांनी काढला ती ज्यू स्थलांतरितांची मुलं होती. हिरो स्वतः परग्रहावरून आलेला निर्वासित. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय, त्या अंकावर तारीख मार्च १९४१ची आहे. पर्ल हार्बर त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे अमेरिका युद्धात नव्हती तेव्हाचं हे चित्र, आणि त्यावरून तेव्हाही लोक चिडले होते. १९४६ साली रेडिओवरच्या सुपरमॅनने कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेसारख्या टोळीशी लढाई केली, ती मालिका लहान मुलांसाठीच होती. त्याच कथेवरून जीन लुएन यांगने २०१९-२० मध्ये एक कॉमिक केलं, त्यात मध्यवर्ती आहे चायनाटाउन सोडून गोऱ्या वस्तीत राहायला आलेलं चिनी कुटुंब. पाणपोई, तुमच्या चिरंजीवांना तेही द्या. त्यातली बहीण मला भावापेक्षा जास्त आवडली.

पुढे कृष्णवर्णीय सुपरहिरो आले, ब्लॅक पँथर १९६६, ल्यूक केज १९७२. १९९३ साली कृष्णवर्णीय कलाकारांनी मिळून 'माइलस्टोन' ही स्वतःचीच कंपनी काढली, कारण दुसऱ्याच्या कंपनीत आपली माणसं एक तर साइडकिक तरी असत नाहीतर झोपडपट्टीतले गुंड तरी. माइल्स आला २०११ मध्ये. तेव्हा 'स्पायडरमॅन काळा कसा?' म्हणून जो गदारोळ झाला तो करणारे सगळे हेच म्हणत होते की आम्हाला राजकारण नको.

उचापती

माहिती चांगली आहे, मान्य. हिटलरला ठोसा मारलेला मलाही चालतो. पण ठोसा ही एक गोष्ट झाली आणि दीडशे पानं शाळेच्या दुकानातल्या सॉसेजवर घालवणं ही दुसरी.

तिरकीट

अवांतर: ब्लॅक पँथर हे पात्र छापून आलं जुलै १९६६ मध्ये आणि ओकलंडला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली ऑक्टोबर १९६६ मध्ये. तीन महिन्यांचं अंतर, एकमेकांवरून नाव घेतलेलं नाही. नंतर कॉमिक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने धसका घेऊन पात्राचं नाव 'ब्लॅक लेपर्ड' करून पाहिलं होतं, ते काही टिकलं नाही.

आणि त्या पार्टीवरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार. आपल्याकडे हा धागा त्याहून जुना आहे. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ची, तिची अर्पणपत्रिकाच अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना आहे. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तेव्हा 'अमेरिकेतल्या काळ्यांचं आपल्याला काय' असं निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

अबोली

या अवांतरावरूनच एक सांगते.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलाचा बास्केटबॉलमधला मित्र पहिल्यांदा घरी आला होता, उंच, हसरा, कृष्णवर्णीय मुलगा. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. स्वभावाने प्रेमळ बाई, त्याला बघून 'ये बाळ' वगैरे म्हणाल्या. आणि बोलता बोलताच सोफ्यावरची आपली पर्स उचलली, आत नेली, बेडरूमचं दार लावलं आणि परत येऊन त्याला खायला काय हवं ते विचारायला लागल्या. मुद्दाम नव्हे, हात आपोआप गेला. मुलाने बघितलं. त्याच्या मित्रानेही बघितलं, आणि तो थोडा सरकून सोफ्याच्या अगदी कडेला बसला. हात दोन्ही मांडीवर, दिसतील असे.

तो मुलगा त्यानंतरही येत राहिला. पण माझ्या मुलाने हीच कादंबरी वाचली तेव्हा त्याला सॉसेजचा प्रसंग कोणी समजावून सांगावा लागला नाही.

म्हणून उचापती, दीडशे पानं मला अजिबात जास्त वाटली नाहीत.

कट्ट्यावरचा

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट लख्खकन जुळली.

माइल्सकडे पीटर पार्करकडे नसलेल्या ज्या शक्ती आहेत त्यातली एक म्हणजे अदृश्य होणं, आजूबाजूच्या रंगात मिसळून जाणं. आता विचार करा. ज्या मुलाकडे दुकानात शिरल्यापासून सगळे डोळे रोखून बघतात, त्याला मिळालेली शक्ती कोणती, तर दिसेनासं होण्याची. आणि वर्गात हात वर केला तर तो असाही कोणाला दिसत नाही! राल्फ एलिसनने १९५२ साली एक गाजलेली कादंबरीच लिहिली होती, अदृश्य माणसावर, काळा असल्यामुळे लोकांना न दिसणाऱ्या. कॉमिकवाल्यांनी मुद्दाम केलं की नकळत झालं, कोण जाणे. पण रेनॉल्ड्सच्या हातात ही शक्ती आली की तिला अर्थ येतो.

तीच गोष्ट स्पायडर-सेन्सची. धोका दिसायच्या आधी मानेवर जाणवणं. ही शक्ती कोळी चावल्यावर मिळते असं गोरा लेखक लिहील. अबोलींच्या मुलाच्या मित्राला ती कोळी न चावताच आहे.

रानजाई

+१. शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

खडूस मास्तर

मी अमेरिकेतल्या सरकारी शाळेत बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून निलंबनाबद्दल लिहितो. शाळेचं नाव विचारू नका.

आकडा आधी. सरकारी शिक्षण खात्याची २०१३-१४ची आकडेवारी सांगते की कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून निलंबित होण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या ३.८ पट होती. ही तफावत बालवाडीतही होती. बालवाडीतलं मूल काय करून निलंबित होतं हे एकदा डोळ्यासमोर आणा.

आता आकड्यामागचं. निलंबनाच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. 'मारामारी', 'हत्यार', 'चोरी' ही कारणं सरळ आहेत, ती तपासता येतात. खरी गंमत 'अवज्ञा' आणि 'व्यत्यय' या दोन शब्दांत. एक मुलगा बाकावर पेन्सिल वाजवतोय. मी म्हणतो, 'अरे बस कर.' दुसरा वाजवतोय, मी फॉर्म काढतो. दोन्ही वेळी मला स्वतःला मी न्यायीच वाटतो. त्या दिवशी डोकं दुखत होतं, तो उलट बोलला, अंगाने मोठा दिसतो, वगैरे. एकदा फॉर्म भरला की तो कागद मुलाबरोबर पुढच्या वर्गात जातो, पुढचा शिक्षक तो वाचून मगच मुलाकडे बघतो. घरी बसवलेला मुलगा तेवढे दिवस गणितात मागे पडतो, परत आल्यावर काही कळत नाही म्हणून पेन्सिल वाजवतो. पुढचं सांगायला नको. शाळेतून तुरुंगाकडे जाणारा रस्ता म्हणतात तो असाच, एकेक फॉर्म करत तयार होतो. त्यात वॉर्डन कुठे नाही.

म्हणून पाणपोईंशी सहमत. माझा आक्षेप तर आणखी आधीचा आहे. मुळात चेंबरलेनच मला पटले नाहीत. गुलामगिरी चांगली होती असं वर्गात उघडपणे सांगणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. खरे चेंबरलेन गोड बोलतात, स्टाफरूममध्ये वाढदिवसाचा केक आणतात आणि फॉर्म भरतात. लेखकाने त्यांना राक्षस केल्यामुळे वाचणारा प्रत्येक शिक्षक 'हा मी नव्हे' म्हणून सुटला.

जुना वाचक

मास्तर, प्रतिसाद उत्तम, पण उघडपणे कोणी सांगत नाही हे तेवढं खरं नाही.

२०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका आईने मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातली ओळ दाखवली होती. त्यात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा उल्लेख मळ्यांवर काम करायला आणलेले 'कामगार' असा होता. प्रकाशकांना ते दुरुस्त करावं लागलं. आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने जो अभ्यासक्रम मंजूर केला त्यात असं आहे की गुलामांनी काही कौशल्यं आत्मसात केली आणि काही वेळा ती त्यांच्या वैयक्तिक फायद्यासाठी वापरता आली. कादंबरी २०१७ची आहे. तेव्हा हे चेंबरलेन व्यंगचित्र वाटत असतील, सहा वर्षांत अभ्यासक्रमात आले.

तुरुंगाचा जो दुवा चेंबरलेन लावतात तोही हवेतला नाही. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण त्यातच अपवाद ठेवला आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून. दक्षिणेत लगेच किरकोळ गुन्ह्यांचे कायदे आले, 'काम नसताना भटकणे' हाही गुन्हा. पकडा, शिक्षा द्या, कैदी मळेवाल्याला भाड्याने द्या. रेनॉल्ड्सने हे सोळा वर्षांच्या मुलांसाठीच्या सुपरहिरो पुस्तकात आणलं, त्याला दाद द्यायला हवी.

खडूस मास्तर

फ्लोरिडाचं विसरलो नव्हतो, पण अभ्यासक्रम वेगळा आणि वर्गात उभा राहिलेला माणूस वेगळा. मुद्दा तसाच ठेवतो.

तिरकीट

अजून एक मसाला. कॉमिक्समध्ये माइल्सच्या वडिलांचं नाव जेफरसन डेव्हिस आहे. यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या अध्यक्षाचं नाव हेच! मूळ लेखकाने कुठल्या मूडमध्ये ठेवलं देव जाणे. माइल्स आईचं आडनाव लावतो ते किती शहाणपणाचं.

बेडूकराव

म्हणजे नावातही वॉर्डन आहेच.

उचापती

सगळं वाचतोय. एक प्रामाणिक शंका. एक्स-मेन हे १९६३ पासून हेच करत आले ना? त्यातले म्युटंट म्हणजे जन्मजात वेगळ्या शक्ती असलेले, लोकांना नकोसे, घाबरवणारे. रंगाचा उल्लेख न करता गोष्ट पोचते, आणि कुठलाही पोरगा स्वतःला त्यात बघू शकतो. ते जास्त कलात्मक नाही का? माइल्सच्या पुस्तकात सगळं नाव घेऊन सांगितलंय, वाचकाला करायला काही उरत नाही.

रानजाई

पुस्तक वाचलंत तर?

उचापती

नाही. धागा वाचला.

कट्ट्यावरचा

रूपकाची गंमत आहेच, मीही एक्स-मेनवर वाढलो. पण त्या पहिल्या टीममधले पाचही जण गोरे होते. म्हणजे छळ काळ्यांचा उसना घ्यायचा आणि सोसणारा मात्र गोरा दाखवायचा. शिवाय म्युटंटला लोक घाबरतात त्यात थोडं तथ्य असतं, त्याच्या डोळ्यांतून किरण निघून भिंत पडते. दुकानातल्या मुलाच्या डोळ्यांतून काय निघतं? रूपक इथे उलटंच शिकवतं, की भीतीला काहीतरी आधार आहे.

उचापती

हे पटलं. अर्धं.

अबोली

घराबद्दल कोणी फारसं बोलतच नाहीये. मला वर्णद्वेषाइतकंच, कदाचित जास्तच, ते आवडलं.

वडील माइल्सला सांगतात की आधी स्वतःला वाचव. जगाला वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. वडिलांनी काय पाहिलंय ते आपल्याला माहीत आहे. स्वतः त्या रस्त्यावर होते, सख्खा भाऊ गेला, पुतण्या आत. एकच पोरगं चांगल्या शाळेत पोचलंय आणि तेही स्कॉलरशिपच्या एका धाग्यावर. अशा बापाने दुसरं काय सांगावं? वाचताना मला त्या बापाचा राग यायला हवा होता, नाही आला.

आणि मित्र गांके, त्याच्या घरी आईवडील वेगळे होतायत. तो कोरियन मुलगा विनोद करत करत ते दडवतो. माइल्स स्वतःच्या धावपळीत इतका गुंतलेला की त्याला उशिरा लक्षात येतं. सुपरहिरोला मित्राचं घर मोडताना दिसत नाही, हे फार छान.

पाणपोई

अबोली, बापाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. काकाबद्दल घरात जे मौन आहे ते बापानेच पाळलेलं आहे ना? मुलाला खरा इतिहास कळतो तो तुकड्यातुकड्यांनी, तुरुंगातल्या चुलतभावाकडून. बापाने तो आधीच सांगितला असता तर 'माझ्यात तेच रक्त आहे' ही भीती इतकी वाढली नसती. रक्तात काही नसतं, परिस्थितीत असतं, हे सांगायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

अबोली

सांगायला सोपं आहे हो. आपल्यातले किती जण आपल्या घरातल्या दारुड्या काकाबद्दल मुलांशी बोलले आहेत?

बेडूकराव

आमच्या घरातला दारुडा काका मीच आहे, त्यामुळे पुतणे थेट मलाच विचारतात.

जुना वाचक

:)

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो बाजूला पडलाय. शेवटी खलनायक काढला म्हणून कादंबरी बिघडली का?

मला वाटतं पाणपोई शेवट फार शब्दशः घेतायत. या प्रकाराचा वाचकाशी एक करार असतो. मुखपृष्ठावर मुखवटा छापलाय, तर शेवटी मुखवटा चढवून मारामारी व्हायलाच हवी, नाहीतर तेरा वर्षांचा वाचक पैसे परत मागेल. लेखकाच्या हातात एवढंच उरतं की त्या मारामारीत काय भरायचं. रेनॉल्ड्सने एकच चेंबरलेन नाही ठेवला, अनेक ठेवले, वेगवेगळ्या शाळांमध्ये. म्हणजे 'एक वाईट शिक्षक' ही पळवाट त्याने आधीच बंद केली. मास्तर म्हणतात तसा वाचणारा शिक्षक सुटतो हे मान्य, पण शाळा सुटत नाही. आणि खलनायकाचं नावच वॉर्डन, म्हणजे तुरुंगाधिकारी! यंत्रणेला चेहरा दिला, इतकंच. चेहरा दिल्याशिवाय या प्रकारात ठोसा कुठे मारणार?

खडूस मास्तर

तेच तर. यंत्रणेला चेहरा नसतो हीच तिची ताकद आहे. फॉर्मला कुठे ठोसा मारणार? चेहरा दिलात की मूळ गोष्टच बदलली.

त्याच लेखकाची ब्रेंडन काइलीबरोबर लिहिलेली 'ऑल अमेरिकन बॉइज' (२०१५) वाचा. दुकानात चोरीचा खोटा आळ, पोलिसांची मारहाण. सुरुवात जवळपास हीच. पण शक्ती नाही, मुखवटा नाही, खलनायकाचा कट नाही. एक प्रकरण मार खाणाऱ्या काळ्या मुलाचं, एक ते पाहणाऱ्या गोऱ्या मुलाचं, आणि त्या गोऱ्या मुलाच्या घरी त्या पोलिसाचं जाणंयेणं. तिथे सुटका नाही. म्हणूनच अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२० सालच्या यादीत, लोकांनी सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांत, ती तिसरी होती. माइल्सवर तेवढं कोणी चिडलं नाही. कारण वॉर्डन हरला की सगळ्यांना घरी जाता येतं.

रानजाई

मास्तर, थांबा. सगळ्यांना नाही.

वॉर्डन हरल्याने काय काय सुटलं याची यादी करून बघा. काका परत आला? नाही. चुलतभाऊ ऑस्टिन तुरुंगातून सुटला? नाही, तो आहे तिथेच. बापाचा जुना गुन्हा पुसला गेला? गांकेचं घर जुळलं? काहीच नाही. कट उधळला तरी कटाच्या आधीपासून जे मोडलेलं होतं ते मोडलेलंच राहतं. मला तर वाटतं मारामारी मुद्दामच एवढी उरकल्यासारखी आहे. लेखकाचा जीव तिच्यात नाहीये, तो तुरुंगातल्या भेटीत आहे. तुम्ही सगळे वॉर्डनवर भांडताय, मला तो नीट आठवतही नाही. ऑस्टिन आठवतो.

पाणपोई

हे मी असं बघितलं नव्हतं. पण मग लेखकाचा जीव मारामारीत नसेल तर ती असायलाच हवी होती का, हा माझा प्रश्न शिल्लक राहतोच! ऑस्टिनच्या भेटीवर संपवली असती तर?

जुना वाचक

तर तुमच्या मुलाने ती आणलीच नसती. 'ऑल अमेरिकन बॉइज' शाळेत लावावी लागते. स्पायडरमॅन पोरं आपणहून उचलतात. ज्याने आयुष्यात पहिलं अख्खं पुस्तक सतराव्या वर्षी वाचलं, असा हा लेखक आहे, त्याने हे अनेकदा सांगितलंय. न वाचणारी पोरं कशाला हात लावतील हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

खडूस मास्तर

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. माझ्या वर्गातली प्रत चिकटपट्टीवर तग धरून आहे. दुसऱ्या पुस्तकांवर धूळ.

तिरकीट

कोणी त्यातल्या कवितांबद्दल बोललं का? त्यात कवितेचा तास आहे, मुलांना 'सिजो' हा कोरियन काव्यप्रकार लिहायला लावतात, तीन लांबट ओळींचा. मुलगी आवडतेय, ती उत्तम लिहिते, आणि भिंतीवर चढू शकणाऱ्या हिरोला एक ओळ सुचत नाही. मला ती पानं सर्वात खरी वाटली.

पाणपोई

चिरंजीवांना आज जेवताना विचारलं, शेवट कसा वाटला. (खांदे उडवले.) मग म्हणाला, "मारामारी ठीक होती. कविता भारी होत्या." तिरकीट, तुमचा पक्ष वाढला. सॉसेजचं विचारलं तर म्हणाला, "असं होतंच की," आणि पुढे बोलेना. 'होतंच की' म्हणजे शाळेत कोणाबरोबर, ते काढून घ्यायचं आहे अजून. बायकोनेही ते ऐकलं, आता पुस्तक तिने घेतलंय.

अबोली

लगेच खोदू नका. गाडीत विचारा. समोरासमोर बसवून विचारलं की पोरं मिटतात, गाडीत बोलतात.

उचापती

पाणपोई, 'मजा करायला वाचतात' हे माझं म्हणणं तुमच्या मुलाने खरं केलं अशी नोंद व्हावी. मारामारी ठीक, कविता भारी.

असो. लायब्ररीत नाव नोंदवलंय. बघतो सॉसेज किती पानं चालतात ते.

खडूस मास्तर

मग याचा दुसरा भागही एकदमच मागवा, 'माइल्स मोरालेस: सस्पेंडेड', २०२३. चेंबरलेनना वर्गात उत्तर दिल्याबद्दल माइल्सला शाळेतच निलंबनाच्या खोलीत बसवतात. बराचसा भाग कवितेत आहे, तिरकीटना आवडेल. धोका या वेळी शहराला कमी आणि पुस्तकांना जास्त. फॉर्मला ठोसा कुठे मारायचा या माझ्या प्रश्नाला त्यात निदान हात घातलाय. पण आधी पहिला वाचा, नाहीतर माइल्स त्या खोलीत का बसलाय तेच कळणार नाही.

बेडूकराव

मास्तर, शेवट सांगता का? कष्ट वाचतील.